कुपवाड रस्त्यावरच्या सेफ्टीच्या दुकानात चार नंबरचा बूट मिळतो

सांगली-मिरजेच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांसाठी लिहितेय, म्हणून कामाची गोष्ट आधी सांगते. विश्रामबागेकडून कुपवाड एमआयडीसीकडे जाताना सेफ्टीच्या सामानाचं एक लांबट, अरुंद दुकान लागतं. बाहेर पिवळी हेल्मेटं आणि गमबूट टांगलेले असतात. तिथे तीन, चार आणि पाच नंबरचे लेडीज सेफ्टी शूज रॅकवर असतात. "मागवून देतो, पुढच्या आठवड्यात या, अर्धे पैसे ठेवून जा" असलं काही नाही. पायात घालायचे, चालून बघायचे, बिल घ्यायचं आणि त्याच दिवशी घरी न्यायचे. माझे बूट तिथलेच आहेत, आमच्या लाइनवरच्या बऱ्याच जणींचेही तिथलेच. उन्हाळा, पावसाळा दोन्ही त्यांच्यात काढून झाल्यावर लिहितेय.

मी एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शनला आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आम्ही टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून ते पुण्याच्या गाडी कंपन्यांना पाठवतो. मिरजेच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून लागले. आता फर्स्ट शिफ्टची लाइन माझ्याकडे आहे. ती माझ्याकडे यायला जेवढी वर्षं लागली, तेवढी लागायचं काही कारण नव्हतं. या दुकानाबद्दल एवढं लांबण लावून लिहायचं कारण तेच आहे.

आमच्याकडे सेफ्टी शूज घातल्याशिवाय मशीनच्या भागाभोवती आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. नियम चांगला आहे. ट्रॉलीतून निसटलेलं कास्टिंग पायावर पडलं की काय होतं ते मी पाहिलंय, त्यामुळे तो सैल करावा असं मला कधीच वाटलं नाही. पण स्टोअरमध्ये बूट असायचे सहा नंबरपासून दहापर्यंत, आणि माझा पाय चार नंबरचा. मी लागले त्या दिवशी स्टोअरकीपरनी सहा नंबरचा जोड खिडकीतून पुढे सरकवला आणि म्हणाले, "दोन मोजे घाला मॅडम, बसतंय की." चांगल्या मनानेच म्हणाले. त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय?

ज्यांनी कधी घातला नाही त्यांना हे सांगायला हवं की मोठ्या मापाचा सेफ्टी शू हा साध्या सैल बुटासारखा चालवून नेता येत नाही. पुढे पोलादी टोपी असते. बूट जिथे वाकतो आणि पाय जिथे वाकतो, त्या दोन जागा जुळल्या नाहीत की टोपीची मागची कड बोटांच्या वरच्या बाजूला रुतते. उकिडवं बसून फिक्स्चरचा बोल्ट बघायचा, मशीनखाली वाकून कूलंट, म्हणजे टूल थंड ठेवणारं पाणी, कुठून गळतंय ते शोधायचं, की कड चावलीच. टाच आत वर-खाली होते. लोखंडी जिन्यावर बूट मागे राहतो आणि पाय पुढे येतो. कूलंट सांडलेल्या फरशीवर चालताना सगळं लक्ष पायांकडे, मशीनकडे बघणार कधी? मग बाई काय करते, तर फेऱ्या कमी करते. अगदी नकळत. सकाळची एक फेरी मारते आणि बाकीचं फोनवर विचारून घेते.

हे वरच्यांच्याही लक्षात येतं, आणि त्यांना काळजी वाटते. खरंच काळजीच वाटते. आमचे तेव्हाचे साहेब मुलीसारखं वागवायचे. म्हणाले, "कशाला त्या तेलकटात फिरताय, फायनल इन्स्पेक्शनला बसा, एसी आहे." मी बसले. गेज, रिपोर्ट, ड्रॉइंगमधले बदल, ग्राहकाच्या तक्रारींची उत्तरं, ऑडिटच्या फायली, सगळं नीट करत राहिले. ऑडिटच्या दिवशी साहेब अभिमानाने माझ्या टेबलापाशी पाहुण्यांना घेऊन यायचे. दरवर्षीच्या अप्रेझलमध्ये चांगले शेरे. माझ्याबद्दल कुणी कधी वाईट लिहिलं नाही.

माझ्याबरोबरच लागलेला एक मुलगा लाइनवर गेला. मशीन बंद पडलं की तो रात्री थांबला. टूल तुटलं की पुरवठादाराशी भांडला, ऑपरेटरची रजा अडली की त्याच्या घरी जाऊन आला. असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली तेव्हा मुलाखतीतला पहिलाच प्रश्न होता, "लाइन किती वर्षं सांभाळली?" त्याच्याकडे उत्तर होतं. जागा त्याला मिळाली आणि योग्य माणसाला मिळाली, आजही अडलं की मी त्यालाच फोन लावते. पण आमच्या दोघांच्या वाटा स्टोअरच्या त्या खिडकीशीच वेगळ्या झाल्या होत्या, मुलाखतीच्या कितीतरी वर्षं आधी. मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी कुणालाही हे ठाऊक नव्हतं. त्या खोलीत बायकांच्या विरुद्ध एक शब्दही बोलला गेला नाही.

सुधा मूर्तींची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या मुलींनाही माहीत असते. १९७४ मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं, त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, आणि टेल्कोने मुलाखतीला बोलावून नोकरी दिली. मला त्या पोस्टकार्डाचं नेहमीच कौतुक वाटत आलंय. पण त्या जाहिरातीत अडथळा निदान छापलेला होता. कागदावर बोट ठेवून विचारता येत होतं की हे का? मी कशावर बोट ठेवणार होते? स्टोअरच्या इंडेंटच्या, म्हणजे सामान मागवायच्या, फॉर्मवर मापांचे रकाने सहापासून सुरू होत होते, एवढाच काय तो छापील पुरावा. आणि तो रकान्यांचा फॉर्म आहे, त्याला कोण बढतीशी जोडणार?

आता दुकानाबद्दल.

दुकान एक काका चालवतात. ते पूर्वी एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, त्यामुळे इंडेंट, परचेस, गेट पास ही सगळी भाषा त्यांना येते. संध्याकाळी गल्ल्यावर त्यांची सूनबाई असतात. लेडीज मापं ठेवायला सुरुवात त्यांनी केली. त्यांनीच मला सांगितलं की नवऱ्याबरोबर डिलिव्हरी द्यायला एमआयडीसीत जायच्या तेव्हा गेटवर दिसणाऱ्या बायकांच्या पायांकडे त्यांचं लक्ष जायचं. चपला, कॅनव्हास, नाहीतर पाय ओढत चाललेले मोठे बूट. "एवढ्या बाया कामाला जातात, आणि आपल्याकडं एक जोड न्हाई. म्हटलं मागवून तर बघू." काकांना धाकधूक होती, कारण कंपन्या सुटा जोड देत नाहीत, पेटीच घ्यावी लागते, आणि तीन नंबरची पेटी पडून राहिली तर पैसे अडकतात. पहिली पेटी बरेच महिने पडूनही राहिली म्हणे. तरी त्यांनी दुसरी मागवली. या गोष्टीसाठी मला त्या दोघांबद्दल फार आदर आहे. महिन्याला शंभर जोड उचलणाऱ्या परचेसवाल्यांच्या सोयीने चाललेल्या धंद्यात एका एका पायाचा विचार करणारं दुकान विरळाच.

माप घ्यायची त्यांची पद्धत मला आवडली. आल्या आल्या डबा उघडून पुढे करत नाहीत. आधी विचारतात, काम काय आहे, उभ्याने की फिरून, फरशीवर तेल असतं का, वर चढावं लागतं का. मग कागदावर दोन्ही पावलं ठेवायला लावून पेन्सिलने कडा आखतात. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मोठा आहे हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. माप मोठ्या पायाचं धरायचं. मोजे ड्यूटीवर जे घालता तेच घालून या, असं सांगतात. संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर या, असंही, कारण दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असतात आणि खरं माप तेव्हाचं.

बूट घातल्यावर नाडी न बांधता पाय पुढे सरकवायचा, टाचेमागे एक बोट जायला हवं. मग नाडी बांधून उकिडवं बसायचं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा इतकं बरं वाटलं, कारण बसल्यावरच टोपीची कड कळते आणि चपलांच्या कुठल्याही दुकानात कुणी उकिडवं बसायला सांगत नाही. शेवटी दुकानात मागे एक तिरकी फळी ठेवलीय, तिच्यावरून चढायचं-उतरायचं. उतरताना बोटं टोपीला आपटली तर बूट लहान, चढताना टाच सुटली तर मोठा.

एक फरक सूनबाईंनी नीट समजावला, तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा. बाजारात काही ठिकाणी पुरुषांच्या साच्यातलाच पाच नंबर 'लेडीज' म्हणून देतात. बाईच्या पायाची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. पुरुषी साचा नुसता लहान केला की लांबी बरोबर येते आणि टाच तरीही सैल राहते. डबा उघडल्यावर टाचेचा भाग हाताने दाबून बघा, दोन जोड शेजारी ठेवले की डोळ्यांनाही दिसतं. या दुकानात दोन्ही प्रकार आहेत, पण विचारलं की खरं सांगतात. चवडा रुंद असलेल्या एका मावशींना त्यांनी पुरुषांचाच पाच नंबर दिला, आणि तो त्यांना छान बसला.

आता बुटाबद्दल. आमच्या एका मॅनेजरांना वाटायचं की लेडीज बूट म्हणजे जरा नाजूक असणार, कास्टिंगच्या कामाला चालणार नाही. तसं नाही. आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ भाग २ असं लिहिलेलं असेल, तर टोपीची परीक्षा तीच असते, माप कुठलंही असो. २०० जूलचा आघात, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून टाकतात. आणि दाबाची परीक्षा १५ किलोन्यूटनची, म्हणजे दीड टनाचा भार. हे मी मॅनेजरांना कागदावर लिहून दिलं आणि विषय संपला. उलट स्पोर्ट्स शूजसारखे दिसणारे, गुलाबी पट्ट्यांचे, 'सेफ्टी' म्हणून विकले जाणारे बूट हल्ली सर्रास दिसतात. मार्क नसेल तर ते घेऊ नका, कितीही हलके वाटले तरी.

माझा जोड काळ्या चामड्याचा आहे, तळ पॉलियुरेथेनचा, दोन थरांचा. कूलंटच्या फरशीवर पकड उत्तम. पहिल्या आठवड्यात टाचेला लागलं, पट्टी लावून चालावं लागलं, मग चामडं मऊ झालं. पावसात भिजला तर वाळवताना उन्हात ठेवायचा नाही, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायचा. एप्रिल-मेमध्ये पाय उकडतात, त्याला इलाज सापडलेला नाही. वजन जाणवतं. पोलादाऐवजी कंपोझिट टोपीचा हलका जोडही मिळतो, पण तो चार नंबरमध्ये त्यांच्याकडे नव्हता.

बूट मापाचा झाल्यावर मी साहेबांकडे लाइन मागितली. साहेब बदललेले होते, नव्या साहेबांनी दिली. तोवर दुसऱ्या शिफ्टमध्ये कुठलं मशीन कधी कुरकुरतं हे मला फायलींतून माहीत होतं, आता मशीनपाशी उभं राहून कळायला लागलं. बुटांनी बढती मिळते असं मी म्हणत नाही. रात्रपाळीचा प्रश्न बुटाने सुटत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ६६ मध्ये बाईला काम देण्याची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधून दिली होती. पुढे ती अटींसह सैल होत गेली, तिची संमती, ने-आण, सुरक्षा वगैरे. पण ने-आणीची गाडी कोण ठेवणार यावर कित्येक ठिकाणी गाडं अडतं, आणि रात्रपाळी न केलेल्या बाईला शिफ्टचा अनुभव नाही असं पुन्हा मुलाखतीत ऐकावं लागतं. शॉपच्या जवळ लेडीज टॉयलेट नसलं की बाई पाणी प्यायचं कमी करते आणि लाइनवर थांबायचंही. शिफ्टनंतर गेटबाहेर चहाच्या गाड्यावर जे बोलणं होतं, कुठलं मशीन येणार, कुणाला पाठवणार, त्यातही आम्ही नसतो. हे सगळं आहेच. पण यातलं एक तरी मी स्वतः, एका संध्याकाळी, तेराशे रुपयांच्या आत दूर करू शकले.

खरं तर ते तेराशे माझे जायला नको होते. सेफ्टीचं सामान देणं मालकाचं काम आहे. इथे काकांचा स्टोअरमधला अनुभव कामी येतो. ते कंपनीच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून बिल करून देतात, वर बुटाचा मानक क्रमांक आणि माप लिहितात. ते बिल मी सेफ्टी ऑफिसरांना दाखवलं आणि पैसे परत मिळाले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंडेंटच्या फॉर्मवर आता तीन, चार, पाच हे रकाने आहेत. सेफ्टी ऑफिसर भले माणूस, म्हणाले, "आजवर कुणी मागितलंच नाही." मुली मागत नाहीत हे खरंय. नवीन लागलेली मुलगी पहिल्याच दिवशी बुटावरून तक्रार कशी करणार? तिला आधी सिद्ध करायचं असतं की मी इथे चालेन.

सूनबाईंना मी एकदा नासाचा किस्सा सांगितला, तो त्यांना इतका आवडला की आता त्या स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतात. २०१९ च्या मार्चमध्ये अंतराळ स्थानकाबाहेर पहिल्यांदाच दोघी बायका मिळून काम करणार होत्या, अ‍ॅन मॅक्लेन आणि क्रिस्टिना कॉक. पण दोघींनाही स्पेससूटचा धडाचा भाग मध्यम मापाचा लागत होता, आणि वापरायला तयार असा एकच होता. मॅक्लेननी स्वतःच सांगितलं की मोठ्या मापात जाण्यापेक्षा मी थांबते, आणि त्यांच्या जागी निक हेग गेले. पुढे ऑक्टोबरमध्ये कॉक आणि जेसिका मीर अशा दोघी बाहेर पडल्या. एवढ्या मोठ्या ठिकाणीसुद्धा कामावर कोण जाणार हे मापावरून बदललं. "मग कुपवाडात काय नवल," असं सूनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच दिवशी हातमोज्यांची सात नंबरची पेटी मागवली.

हातमोज्यांचं सांगायला हवंच. स्टोअरमध्ये नऊ आणि दहा मिळतात. माझ्यासारखीच्या बोटांपुढे अर्धा इंच रिकामा रबर लोंबतो, त्याने नट उचलता येत नाही, आणि फिरत्या ड्रिलपाशी तर असला मोजा धोक्याचाच. तिथे तो घालायचाच नसतो. गेज लावताना आणि डेबरिंगला, म्हणजे धारदार कडा काढताना, घट्ट बसणारा सात नंबर घातल्यापासून मुलींच्या हातांवरचे काप कमी झालेत. तक्रार एवढीच की मोजे डझनानेच देतात, सुटे देत नाहीत. आम्ही चौघी-पाच जणी मिळून डझन घेतो.

आमच्याकडे डेबरिंग आणि पॅकिंगला कंत्राटावरच्या बायका आहेत, बामणोली, सावळी, कवलापूरच्या. त्यांना बुटाऐवजी चपलेवर बांधायची लोखंडी टोपी दिली जायची, पाहुण्यांना देतात तशी. तेवढ्यावर मशीनपाशी जायची परवानगी नसते. मशीनपाशी गेलं नाही तर मशीन चालवायला येत नाही, आणि ते येत नाही तोवर मजुरीच्या तक्त्यात तुम्ही अकुशल. किमान वेतनाच्या यादीत अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे तीन भाग असतात आणि दर वेगवेगळे असतात, हे त्या बायकांना चांगलं माहीत असतं. एका भागातून दुसऱ्या भागात जायची वाट मात्र पिवळ्या पट्ट्याच्या आतून जाते. आमच्यातल्या एक मावशी ड्रिलचा आवाज ऐकून टूल गेलंय म्हणून लांबून ओरडायच्या, आणि त्यांचं कधी चुकलं नाही. त्यांना तीन नंबरचा जोड याच दुकानातून आणला. कंत्राटदार आधी नको म्हणाला, मग काकांनी त्याला हप्त्याने बिल भरायची सोय दिली. मावशी आता ड्रिलिंग मशीन चालवतात. पगाराच्या चिठ्ठीवर अर्धकुशल लिहून आलं त्या दिवशी त्यांनी सगळ्या लाइनला भडंग वाटलं. त्यांच्या बरोबरीच्या बाकीच्या अजून पॅकिंगच्याच टेबलावर आहेत, आणि त्यांच्या बुटांसाठी माझा पाठपुरावा चालू आहे.

आमच्याकडे एचआरने एकदा बायकांच्या बढतीवर व्याख्यान ठेवलं होतं. त्यात मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीनइन ही बायकांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०१९ च्या अमेरिकेतल्या अहवालाचा आकडा होता, की मॅनेजरच्या पहिल्या पायरीवर १०० पुरुष चढतात तेव्हा ७२ बायका चढतात. म्हणजे सगळ्यात वरच्या खुर्चीची चर्चा फार होते, पण गळती पहिल्याच पायरीवर सुरू होते. व्याख्यान चांगलं होतं. उपाय म्हणून आत्मविश्वास वाढवा, नेतृत्वगुण अंगी बाणवा, असं सांगितलं गेलं. मागच्या रांगेत आमच्या मुली टोपी बांधलेल्या चपला घालून बसल्या होत्या. आत्मविश्वास त्यांच्याकडे भरपूर आहे. त्या घरातलं सगळं आटपून, सहाची एसटी पकडून सातला गेटवर असतात.

दुकानाबद्दलच्या तक्रारीही स्पष्टच सांगते, कारण त्यांनी त्या सुधाराव्यात असं मला मनापासून वाटतं.

पहिली किमतीची. माझा जोड १,२८० रुपयांना पडला, त्याच कंपनीचा तसाच पुरुषांचा १,०९०. काका म्हणतात, कंपनीच जास्त लावते, खप कमी आहे. असेल. पण खप कमी आहे कारण माप मिळत नाही, आणि माप मिळत नाही कारण खप कमी, हे चक्र दुकानदाराने आपल्या नफ्यातून थोडं तरी सैल करावं. पाच जोड एकदम घेतले तर सूट देतात, पण पाच जणी एकदम गोळा करणं शिफ्टमध्ये सोपं नसतं.

दुसरी, बसायला एकच स्टूल आहे, तेही दारात. सलवार वर करून मोजा ओढत बसलेल्या बाईकडे येणारा-जाणारा बघत राहतो. मागच्या फळीपाशी एक बाक आणि पडदा लावला तर एवढंसं काम आहे. मी सांगितलंय, सूनबाई हो म्हणाल्यात, अजून झालेलं नाही.

तिसरी, रविवारी बंद. आमची सुट्टी रविवारीच. बाकीच्या दिवशी रात्री आठला शटर खाली येतं, म्हणजे दुसऱ्या शिफ्टच्या मुलींना सकाळीच यावं लागतं, आणि सकाळी सूनबाई नसतात. काका मापात वाकबगार आहेत, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली त्यांच्यासमोर पाय पुढे करायला लाजतात आणि डब्यावरचा नंबर बघून तसाच बूट घेऊन जातात. मग टाच सोलली की बूट स्टोअरमध्ये पडून राहतो. शक्य असेल तर संध्याकाळीच जा.

बदलून देण्याच्या बाबतीत मात्र दुकान खरं आहे. घरात फरशीवर चालून बघा, तळाला माती लागू देऊ नका, आठ दिवसांत बदलून देतात. आमच्यातल्या एकीला चारऐवजी पाच लागला, एक शब्द न बोलता दिला.

परचेस आणि सेफ्टी सांभाळणाऱ्या लोकांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती. नव्या लोकांची यादी एचआरकडून येते तेव्हा नावासमोर पायाचं माप विचारून घ्या, आणि रुजू व्हायच्या दिवशी बूट तयार ठेवा. काका एक एक जोडसुद्धा कंपनीच्या गेटवर पोचवतात, वेगळे पैसे घेत नाहीत. पन्नास जोडांच्या ऑर्डरमध्ये तीन-चार जोड लहान मापाचे घातले तर तुमच्या हिशोबाला कळणारही नाही.

तीन नंबर हवा असेल तर आधी फोन करून जा, तो कमी असतो. चार नंबर जुलै-ऑगस्टमध्ये लवकर संपतो, कारण डिप्लोमाचे निकाल लागून नवीन ट्रेनी मुली तेव्हाच लागतात. यंदा सूनबाईंनी त्यासाठी जूनमध्येच दोन पेट्या जास्तीच्या मागवल्यात.